एकदम सहा ब्रेड घरी करायचे तर: पिठापेक्षा टायमाचं गणित सांभाळा

मागच्या मे महिन्यातली फजिती आधी सांगते. घरात दोन नणंदा, त्यांची पोरं, आमची पोरं, मोठी माणसं धरून चौदा जण, आणि सगळ्या पोरांना सँडविच पाहिजे. तोपर्यंत मी एकेक ब्रेड करायची आणि तो बरा जमायचा, म्हणून म्हटलं सहापट सामान घेऊ नि सहा ब्रेड करू, त्यात काय एवढं. सगळं सहापट मोजलं, मोठ्या गंजात (पातेल्यात) भिजवलं, झाकण ठेवून आंघोळीला गेले. आले तं झाकण वर उचललेलं आणि पीठ गंजाच्या काठावरून ओट्यावर उतरून राहिलेलं. घाईघाईत टिनांत भरलं, माझ्या ओव्हनमधे टिन बसतात तीन, ते आत ढकलले, बाकीचे तीन ओट्यावर. पहिले तीन भाजून निघेस्तोवर बाहेरचे फुगले फुगले नि मधातून खाली बसले. ते भाजले तेव्हा वर खड्डा, आत जाळं, चव आंबट. सासूबाई म्हणाल्या, "काऊन व, ह्या तिघायले उपाशी ठेवलं होतं का?"

त्यानंतर पंधरा-वीस वेळा तरी सहाचा घाणा केलाय, हिवाळ्यात, पावसाळ्यात, लाईट जाऊन राहिली असताना. जास्त ब्रेड बिघडतात ते रांगेमुळे. यीस्ट पडलं की पीठ कोणासाठी थांबत नाही, आणि ओव्हन तर एवढाच आहे. म्हणून आधी ओव्हन बघायचा, तिथून उलटं मोजत पिठापर्यंत यायचं.

ओव्हन आणि टिन

घरगुती ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) 40 लिटरच्या आसपास असेल तर अर्ध्या किलोच्या आतले तीन टिन एका वेळी बसतात. रिकामे टिन आत ठेवून बघा, टिन-टिनमधे दोन बोटं जागा राहिली पाहिजे आणि भिंतीला चिकटू नये, नाहीतर ज्या बाजूला हवा फिरत नाही ती बाजू पांढरीच राहते. दोन जाळ्यांवर वर-खाली टिन ठेवायचा मोह आवरा, घरच्या ओटीजीत खालचे बुडातून जळतात आणि वरचे डोक्यातून. म्हणजे तीन टिनचा ओव्हन असेल तर सहा ब्रेडचे दोन फेरे, एक फेरा साधारण 30 ते 35 मिनिटांचा. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, पुढे सगळं ह्याच्यावर चालतं.

आता आपल्या गावाकडची गोष्ट जी पुस्तकात नसते, ती म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्यांचे कूलर, टीव्ही, मोटारी एकदम चालू झाल्या की आमच्याकडे 230 च्या जागी 180 येतं. हीटिंग रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे 180 ला 2000 वॅटचा ओव्हन जेमतेम 1200 वॅटचा राहतो. मी कित्येक दिवस समजत होते की माझ्या पिठातच काही खोट आहे, वर लिहिलेल्या वेळात ब्रेड भाजतच नाही, आणि खरं कारण भिंतीतल्या वायरीत होतं. तर ब्रेड सकाळीच भाजा. ओव्हनच्या आत टांगायचं एक साधं थर्मामीटर घ्या, बाहेरच्या बटनावर 200 लिहिलंय म्हणून आत 200 असेलच असं नाही. आणि ओटीजी 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावा, मोबाईलच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावाल तर बोर्ड वितळेल, गम्मत नाही.

टिनात किती पीठ घालायचं हे इंचावरून शोधत बसू नका. टिन काठोकाठ पाण्याने भरा, ते पाणी मोजा, त्याच्या अर्धं वजन मळलेल्या पिठाचं. 950 मिलि पाणी मावलं तर 475 ग्रॅम पीठ. कणकेचं (गव्हाच्या पिठाचं) प्रमाण जास्त असेल तर थोडं वाढवा, तो ब्रेड कमी फुगतो. माझे टिन सात इंच लांब, साडेतीन रुंद, अडीच खोल, त्यात 475 बरोबर बसतं. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून टिन बनवून घेणार असाल तर ॲल्युमिनियमचे घ्या, पिंपाचा किंवा कूलरचा पत्रा नको, त्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो अन्नाला चांगला नाही.

मोजमाप

चमचे-वाट्या इथे सोडून द्यायच्या. एका ब्रेडला मीठ चिमूटभर इकडे-तिकडे झालं तर कळत नाही, तेच सहा वेळा चुकलं की अख्खा घाणा खारट. डिजिटल वजनकाटा घ्या, 5 किलोचा चालतो. बेकरीवाले सगळं मैद्याच्या टक्क्यात मोजतात, मैदा 100 धरायचा आणि बाकी त्याच्या प्रमाणात. माझं असं आहे: पाणी 62, साखर 5, तेल 5, दूध पावडर 3, मीठ 2, इन्स्टंट यीस्ट 1. सगळं मिळून 178.

हिशोब उलटा करायचा. सहा टिन गुणिले 475 म्हणजे 2850 ग्रॅम मळलेलं पीठ पाहिजे. त्याला 1.78 ने भागलं की 1600 च्या आसपास मैदा येतो. मग 1600 मैदा, 990 पाणी, 80 साखर, 80 तेल, 48 दूध पावडर, 32 मीठ, 16 यीस्ट. उद्या कोणी आठ ब्रेड सांगितले तरी हाच हिशोब, फक्त टिनांचा आकडा बदलायचा. भाजताना वजन दहा-बारा टक्के उडतं, त्यामुळे 475 चा ब्रेड निघतो तेव्हा 420 च्या आसपास भरतो. कोणाला विकायचा असेल तर वजन भाजल्यानंतरचं सांगा.

यीस्टचं जरा वेगळं आहे. मोठा गोळा स्वतःची गरमी धरून ठेवतो, मधातली गरमी बाहेर निघत नाही, म्हणून एका ब्रेडचं पीठ तासात फुगत असेल तर सहाचं त्याच खोलीत लवकर फुगतं. उन्हाळ्यात मी 16 च्या जागी 10 ग्रॅमच टाकते. जानेवारीत पूर्ण 16. आणि यीस्टचं पाकीट एकदा फोडलं की घट्ट डब्यात फ्रीझरमधे, ओट्यावरच्या फळीवर मे महिन्यात ठेवलेलं यीस्ट दोन आठवड्यात मेलेलं सापडतं. शंका असली तर कपभर कोमट पाण्यात चिमूटभर साखर नि चमचाभर यीस्ट, दहा मिनिटांत फेस आला नाही तर फेका, 1600 ग्रॅम मैदा वाया घालवू नका.

तेल साधं घ्या, सोयाबीन, शेंगदाणा, काहीही, तूप-लोणी असेल तर अजूनच छान. मी एकदा घरचं जवसाचं तेल घातलं होतं, पौष्टिक म्हणून, अख्ख्या घरात दरवाज्याला पॉलिश केल्यासारखा वास सुटला. परत नाही.

मैदा की कणीक

पूर्ण कणकेचा ब्रेड करता येतो पण सहाच्या घाण्याला सुरुवातीला करू नका. कणकेतला कोंडा पिठाचे धागे कापतो, ब्रेड जड होतो. मी 1600 मधे 600 पर्यंत कणीक टाकते, ती लोकवन गव्हाची, आणि दर 100 ग्रॅम कणकेमागे 8-10 ग्रॅम पाणी जास्त. बन्सी गहू शेवयाला, रव्याला उत्तम, ब्रेडला नको, त्याचं पीठ ताणायच्या ऐवजी तुटतं.

चक्कीवर एक गोष्ट आवर्जून बघा, तुमच्या आधी काय दळलं. आधी कोणाची ज्वारी दळली असेल तर पहिलं एक-दीड किलो पीठ ज्वारी मिसळलेलंच पडतं, पोळीला चालून जातं, ब्रेडला नाही, कारण ज्वारीत ती चिकटी नसते. मी चक्कीवाल्या दादांना सांगून ठेवलंय की माझे गहू गव्हावरच टाका, ज्वारीवर टाकाल तर मी उद्या येते. दळून आणलेलं पीठ गरम असतं, ते परातीत पसरवून निवू द्या.

मैदा घेताना पुडा सीलबंद आणि ताजा घ्या. पोटॅशियम ब्रोमेट म्हणून एक पावडर पूर्वी ब्रेडच्या पिठात घालायचे, 2016 मधे ती आपल्याकडे बंद झाली, घरी तशीही लागत नाही. मळायला वेळ दिला की तेच काम होतं.

ब्रेड दोन-तीन दिवस मऊ राहावा वाटत असेल तर अजून एक. 80 ग्रॅम मैदा आणि 400 पाणी (दोन्ही वरच्या मापातूनच काढून) मंद आचेवर हलवत राहा, पतंगाला लावायची खळ करतो ना तशी. घट्ट होऊन चमच्याच्या मागे रेघ उमटली की उतरवा नि निवू द्या. शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून ब्रेड लवकर वाळत नाही. उन्हाळ्यात ही खळ आदल्या रात्री करून फ्रिजमधे ठेवा, गरम खळ पिठात घातली तर पुढचं सगळं गणित कोलमडतं.

पाण्याची गरमी, हे नीट वाचा

माझं अर्धं अपयश इथे होतं. मळून झालेल्या पिठाची गरमी 26-27 डिग्री पाहिजे. 32 झाली तर ते पळतं, 20 राहिली तर दुपारपर्यंत बसून राहते. खोलीची गरमी आपल्या हातात नाही, पिठाचीही नाही, फक्त पाण्याची आहे. म्हणून 27 गुणिले 3, म्हणजे 81, त्यातून स्वयंपाकघराची गरमी वजा, कोरड्या पिठाची गरमी वजा, आणि हाताने मळताना जी थोडी गरमी येते तिचे 2 वजा. उरलं तेवढ्या डिग्रीचं पाणी घ्यायचं.

मे महिन्यात पहाटे पाचलासुद्धा आमचं स्वयंपाकघर टिनाच्या छपराखाली 38 असतं, डब्यातला मैदा 36. 81 वजा 38 वजा 36 वजा 2, उरले 5. म्हणजे बर्फाचं पाणी! माठातलं 27 डिग्रीचं पाणी असेल तर 990 पैकी 200 ग्रॅम बर्फ आणि 790 पाणी, वजन मिळून तेवढंच, बर्फ वरून जास्तीचा टाकायचा नाही. बर्फ ठेचून पाण्यात पूर्ण विरघळवून मग घ्या, पिठात खडे राहिले तर तिथे पाणी साचून गोळा चिकट होतो. तेच जानेवारीत, घर 20, मैदा 19, तर उत्तर येतं 40, हाताला कोमट लागेल असं पाणी. 50 च्या वर कधी जाऊ नका, यीस्ट मरतं.

मी एका नणंदेला हे समजावत होते तर ती म्हणाली, "वहिनी, ब्रेड करून राहिली का दहावीचा पेपर सोडवून राहिली?" पण तिनेच मग घरी जाऊन केलं नि फोन केला की पहिल्यांदा एकसारखे निघाले.

पावसाळ्यात मैदा हवेतलं पाणी आधीच पिऊन बसलेला असतो, तेव्हा 990 मधलं 40-50 मागे ठेवा, मळताना लागलं तर घाला.

मळणं

मैदा, साखर, दूध पावडर, यीस्ट कोरडंच मिसळा, पाणी घाला, नुसतं एकत्र करा, कोरडं पीठ दिसायचं बंद झालं की ओलं फडकं टाकून 20 मिनिटं सोडा. उन्हाळ्यात मी यीस्टसुद्धा ह्या 20 मिनिटांनंतर घालते. ह्या बसण्यात पीठ स्वतःच पाणी पितं आणि तुमचं अर्धं मळणं वाचतं, तीन किलोच्या गोळ्याला ही फार मोठी गोष्ट आहे. मग मीठ घाला, मळा, आणि धागा जरा धरला की तेल. तेल आधीच ओतलं तर पीठ निसरडं होऊन धागा धरायला फार वेळ घेतं.

तीन किलो एकदम मळू नका. दोन भाग करा. एक भाग मळून झाकून ठेवा, दुसरा मळा, परत पहिला घ्या. प्रत्येकाला 12-15 मिनिटं. मिक्सरच्या मळणी भांड्यात 500 मैद्याच्या वर टाकलं तर मोटार गरम होते आणि पीठही.

आणि मळायचं कसं तर लांब पोळीच्या (हातावर झुलवून ताणतात नि उलट्या माठावर भाजतात ती) पिठासारखं. आमच्या शेजारच्या काकू लग्नाकार्यात माठावरच्या लांब पोळ्या करायला जातात, त्यांना मी एकदा मदतीला बोलावलं. त्यांनी माझं हलकं हलकं दाबणं पाहिलं आणि म्हणाल्या, सर तिकडे. मग बाह्या वर केल्या, पीठ दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचललं आणि परातीत आपटलं, असा आवाज की सपरीतलं (ओसरीतलं) कुत्रं उठून गेलं. आपटायचं, लांब ताणायचं, दुमडायचं, पुन्हा आपटायचं. पहिल्यांदा पीठ तुटत होतं, हाताला चिकटत होतं, आठ-दहा मिनिटांनी परात आपोआप स्वच्छ व्हायला लागली, आणि मग पीठ त्यांच्या मनगटावरून दुपट्ट्यासारखं लोंबायला लागलं पण तुटेना. त्या दिवशीचा ब्रेड मी अजून विसरले नाही. जिच्या हातावर लांब पोळी झुलते तिला ब्रेडचं मळणं वेगळं शिकवायला नको.

झालं की नाही बघायला लिंबाएवढा गोळा घ्या, बोटांनी हळूहळू ताणा, पातळ पडदा होऊन त्यातून उजेड दिसला आणि फाटला नाही तर झालं. फाटलं तर पाच मिनिटं झाकून ठेवून परत मळा, वरून मैदा भुरभुरवू नका, चिकटतंय म्हणून प्रत्येकजण मैदा टाकतो आणि ब्रेड तिथेच कडक होतो.

फुगवणं

तेल लावलेल्या गंजात दोन गोळे वेगवेगळे ठेवा, एकच मोठा नको, मघाशी सांगितलं तसं मधात गरम होतो. घड्याळाकडे कमी बघा, दुप्पट झालं का ते बघा. ओलं बोट पिठात खुपसा, खड्डा हळूहळू अर्धा भरून आला तर बरोबर, लगेच भरला तर थांबा, भरलाच नाही नि पीठ सुस्कारा टाकून खाली गेलं तर उशीर झाला. मेमधे 40-50 मिनिटं पुरतात, थंडीत दीड-दोन तास.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन त्रास असतात, गरमी आणि कोरडी हवा. उघड्या पिठावर पाच मिनिटांत साल धरते, ती साल मग ब्रेडमधे कडक पट्टा होऊन दिसते. ह्यावर आपला वाळ्याचा कूलर फार कामाचा. गंजावर ओलं फडकं घालून कूलरपासून तीन-चार फुटांवर ठेवते, गरमी 28-30 वर येते आणि हवेत ओलावा राहतो. ऐन झोताखाली नका ठेवू. थंडीत उलटं, बंद ओटीजीत उकळत्या पाण्याची वाटी ठेवून त्यात गंज ठेवायचा, ओव्हन चालू करायचा नाही.

आकार आणि रांग

फुगलेलं पीठ ओट्यावर घ्या, हवा हलक्या हाताने काढा, वजन करून 475 चे सहा तुकडे पाडा. अंदाजाने पाडू नका, एक 400 चा नि एक 550 चा असला तर एकाच फेऱ्यात एक जळतो नि दुसरा कच्चा राहतो. तुकड्यांचे सैल उंडे करून झाकून 15 मिनिटं ठेवा, मग ते पसरायला ऐकतात. एकेक घेऊन हाताने चौकोनी थापा, मोठे बुडबुडे कडेला ढकलून फोडा, वरून घट्ट गुंडाळत आणा आणि प्रत्येक वळशाला अंगठ्याने दाबा. शेवटची शिवण चिमटून बंद करा नि शिवण खाली करून तेल लावलेल्या टिनात. गुंडाळी सैल राहिली की ब्रेड कापल्यावर मधात बोगदा निघतो, ज्यातून लोणी थेट ताटात येतं.

आता जी गोष्ट मला त्या फजितीने शिकवली. सगळे टिन एकदम बाहेर फुगवायला ठेवायचे नाहीत. पहिले तीन बाहेर, दुसरे तीन लगेच फ्रिजमधे, तेल लावलेल्या प्लास्टिकने झाकून. त्यासाठी आंबे नि दुधाच्या पिशव्या आदल्या रात्रीच हलवून जागा करून ठेवा, ऐन वेळी फ्रिज उघडा टाकून सामान काढत बसलात तर तोही गरम होतो. फ्रिजमधले लगेच थांबत नाहीत, अर्धा तास हळूहळू फुगत राहतात आणि मग झोपतात. पहिले तीन ओव्हनमधे जायच्या दहा मिनिटं आधी दुसरे बाहेर काढायचे. पहिला फेरा निघेस्तोवर ते जागे होऊन तयार होतात. थंडीत फ्रिजची गरज नाही, नुसतं दुसरे तीन टिन स्वयंपाकघराबाहेर सपरीत ठेवले तरी तेवढाच फरक पडतो.

माझं उन्हाळ्याचं घड्याळ असं चालतं: 5 वाजता भिजवणं, साडेपाच ते 6 मळणं, पावणेसातपर्यंत पहिलं फुगणं, सव्वासातपर्यंत आकार. 7:40 ला ओव्हन गरम करायला लावते, 7:50 ला फ्रिजमधले टिन बाहेर, 8 ला पहिले तीन आत, साडेआठला ते बाहेर, पाच मिनिटं ओव्हनला परत गरम होऊ देते, 8:35 ला दुसरे आत, 9 च्या थोडं पुढे सगळं संपलं. दुपारच्या भारनियमनाच्या आधी, आणि स्वयंपाकघराचीच भट्टी व्हायच्या आधी.

भाजणं

टिनात पीठ काठाच्या वर बोटभर आलं की तयार. त्याच्यापेक्षा जास्त वाट बघू नका, उरलेलं ओव्हन फुगवतो. 200 ला आधी दहा मिनिटं, मग 180 ला 18-20, वर-खाली दोन्ही रॉड. अर्ध्या वेळी टिन फिरवा, मागचे पुढे. वरून लवकर लाल झाले तर फॉईल टाका. एका टिनपेक्षा तीन टिनला पाच-सहा मिनिटं जास्त लागतात कारण थंड पीठ ओव्हनची गरमी खातं. झालं का बघायला पोटात थर्मामीटर खुपसून 93 ते 96 आलं पाहिजे, किंवा टिनमधून काढून बुडावर बोटाने वाजवा, पोकळ आवाज आला तर झालं. बाजू दाबल्यावर आत जात असेल तर टिनशिवाय परत पाच मिनिटं आत.

लाईट गेली तर? पहिली गोष्ट, दार उघडायचं नाही. भाजून 15-20 मिनिटं झाली असतील तर बंद ओव्हनच्या उरलेल्या गरमीवर बहुतेक होऊन जातात, वीस मिनिटं तसेच ठेवा. पहिल्या पाच मिनिटांतच गेली तर नशीब, माझे दोनदा गेले, लाईट अर्ध्या तासाने आली, ब्रेड बसके झाले पण टोस्टला चालले. जे टिन अजून बाहेर आहेत आणि लाईटचा पत्ता नाही ते फ्रिजमधे ठेवा, फ्रिजही बंद असला तरी दार न उघडता दोन-अडीच तास तो थंड असतो. फारच फुगून गेले तर काढून परत मळून एकदा नव्याने आकार देता येतो, एकदाच, दुसऱ्यांदा जमत नाही, मग त्याच्या तव्यावर जाड पोळ्या लाटा, लसणाच्या ठेच्यासोबत छान लागतात.

निवणं आणि पावसाळ्याचा एक रोग

टिनमधून लगेच काढा, नाहीतर घाम येऊन बूड ओलं होतं. एवढे ब्रेड ठेवायला जाळ्या कुठून आणायच्या, मी स्वच्छ धुतलेल्या बांबूच्या टोपल्या उलट्या करून त्यावर ठेवते, खालून हवा लागते. दोन तास हात लावायचा नाही. पोरांना हे सांगून काही उपयोग नसतो, म्हणून एक ब्रेड बळी द्यायचा म्हणूनच सातवा टिन मनात धरून चालते. गरम ब्रेड कापला तर सुरीला लगदा लागतो आणि गरम पिशवीत भरला तर दुसऱ्या दिवशी बुरशी.

जुलै-ऑगस्टमधे बुरशीशिवाय अजून एक प्रकार होतो. ब्रेड बाहेरून चांगला, आतून पिकलेल्या खरबुजासारखा गोड वास, आणि तोडला की कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट तार. हे पिठातल्या एका जीवाणूचं काम, भाजूनही तो मरत नाही, दमट गरम हवेत वाढतो. असा ब्रेड खाऊ नका, फेका. टिन, सुरी, टोपल्या, ओटा, सगळं व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, आणि पावसाळाभर दर किलो मैद्याला 10 मिलि व्हिनेगर भिजवतानाच घाला, चव कळत नाही आणि तो प्रकार थांबतो.

ठेवायचा तर कापून फ्रीझरमधे, हवे तेवढे तुकडे काढून तव्यावर. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नको, तिथे ब्रेड बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो.

वीस-पंचवीस पाहिजे असतील तर

बचत गटाची ऑर्डर, शाळेची सहल, असं काही आलं तर घरच्या ओव्हनवर सात ते नऊ फेरे करत मरू नका. दिवाळीच्या आधी आपण नानखटाईचं पीठ डबे भरून बेकरीत भाजायला नेतोच की, तसंच ब्रेडचं. तालुक्याच्या बेकरीवाल्याशी बोला, त्यांची पावाची भट्टी पहाटे तापलेली असते, पाव निघून गेल्यावर जी उतरती गरमी राहते ती आपल्या ब्रेडला बरोबर. ऐन पावाच्या आचेत ठेवले तर वरून काळे आतून कच्चे.

नेताना मात्र माझी चूक करू नका. मी घरीच टिन फुगवून ऑटोत ठेवून निघाले, आमच्या गावापासून डांबरी रोडपर्यंतचा तीन किलोमीटरचा तुकडा ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको, पोचेस्तोवर सगळे टिन सपाट. आता पीठ मळून रात्रभर फ्रिजमधे ठेवते (यीस्ट निम्मं करून), सकाळी स्टीलच्या डब्यांत बर्फाच्या पिशवीसोबत नेते, तुकडे-आकार तिथेच त्यांच्या टेबलावर, फुगवणं पण तिथेच भट्टीच्या उबेत. विकणार असाल तर एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी आधी करून घ्या, पाकिटावर नंबर लागतो.

आणि एक वही ठेवा. माझी वही म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, त्या-त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने घरची गरमी, पाण्याची गरमी, यीस्ट आणि काय बिघडलं एवढंच. कालच्या चौकोनात लिहिलंय: घर 37, पाणी 6, यीस्ट 10, दुसरा फेरा 4 मिनिटं जास्त, व्होल्टेज कमी, सहाही उभे.